एकच बायबल, दोन मतपेट्या

२०२५ च्या जानेवारीअखेर अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स एका टीव्ही मुलाखतीत म्हणाले, की ख्रिस्ती शिकवणीत प्रेमाला एक क्रम आहे. आधी घरचे, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव आणि त्यानंतर बाकीचं जग. विषय स्थलांतरितांना देशाबाहेर काढण्याचा होता. व्हान्स २०१९ मध्ये कॅथलिक झालेले. दोन आठवडे उलटायच्या आत कॅथलिकांचे सर्वोच्च धर्मगुरू पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिलं. व्हान्स यांचं नाव त्यात नव्हतं. पण प्रेमाचा खरा क्रम समजून घ्यायचा तर चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवा, असं होतं. म्हणजे रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्या परक्याची गोष्ट. याच दिवसांत शिकागोत जन्मलेल्या एका कार्डिनलच्या (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) एक्स खात्यावरून 'व्हान्स चुकताहेत' असं सांगणारा लेख पुढे पाठवला गेला होता. मे महिन्यात तेच कार्डिनल पोप लिओ चौदावे झाले आणि त्यांच्या पदग्रहणाच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, व्हान्स हजर होते.

आता यातलं ख्रिस्ती राजकारण कुठलं म्हणायचं? पोपचं, की कॅथलिक उपाध्यक्षाचं? आधीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त कॅथलिक मतदारांनी ट्रम्प-व्हान्स जोडीलाच मत दिलं होतं, हेही ध्यानात घ्या.

मला विचाराल तर हा प्रश्नच फसवा आहे. धर्मग्रंथ उघडून त्यात राजकारण शोधायला गेलं की हवं ते सापडतं. त्याच पानांतून गुलामगिरीचं समर्थन काढलं गेलं आणि गुलामगिरी मोडणारी चळवळही. त्यापेक्षा वेगळं विचारावं. अमुक देशात माणूस ख्रिस्ती 'असतो' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? त्याचं नाव कुठल्या वहीत असतं, पैसे कुठे जातात, रविवारी तो कोणाच्या शेजारी बसतो?

## आधी सभासदत्व समजून घेऊ

जगात ख्रिस्ती २ अब्जांहून जास्त. ढोबळमानानं तीन मोठी घरं: पोपना मानणारे कॅथलिक, मुख्यतः पूर्व युरोपातले ऑर्थोडॉक्स, आणि सोळाव्या शतकात पोपची सत्ता झुगारून बाहेर पडलेले प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंटांना एक छप्पर नाही. लुथरन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल असे असंख्य पंथ. बातम्यांत सारखा येणारा आणखी एक शब्द म्हणजे इव्हँजेलिकल. हा पंथ नव्हे, वळण आहे: बायबल हाच अंतिम अधिकार, येशूला स्वतः जाणतेपणी स्वीकारून 'नव्यानं जन्म' घेणं, आणि ते दुसऱ्यांना सांगत राहणं. (जर्मनीत 'एव्हांगेलिश' म्हणजे नुसता प्रोटेस्टंट. नाव सारखं, माणसं वेगळी. या एका शब्दानं भलेभले घसरतात.)

आता एक वाचनालय डोळ्यांपुढे आणा. एक सभासद असा, की त्याची वर्गणी वर्षानुवर्षं खात्यातून जाते, पण पुस्तक त्यानं कधी आणलेलं नाही. दुसरी बाई दर आठवड्याला येते, ग्रंथपालाशी गप्पा मारते, येणारे-जाणारे सगळे तिच्या ओळखीचे. तिसरा वर्गणीही भरत नाही आणि फिरकतही नाही. पण इमारत पाडणार म्हटलं की मोर्चात सगळ्यात पुढे हाच. तिघांनाही विचारा, 'आमचं वाचनालय' असंच म्हणतील.

धर्माचंही असंच आहे. पहिल्याची आहे नोंद, दुसरीचा सहवास, तिसऱ्याची ओळख. सर्वेक्षणात तिघंही 'ख्रिस्ती' या एकाच रकान्यात पडतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

## पगारपत्रकातली दोन अक्षरं

नोंदीची ताकद पाहायची तर जर्मनीतलं पगारपत्रक बघावं. त्यात कराच्या माहितीशेजारी एक लहानसा रकाना असतो. कॅथलिक असाल तर 'आर. के.', प्रोटेस्टंट असाल तर 'ई. व्ही.', कशातच नसाल तर नुसत्या आडव्या रेघा. या दोन अक्षरांवर चर्च कर ठरतो. तो पगारावर नसून प्राप्तिकरावर लागतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत ८ टक्के, बाकी ठिकाणी ९. म्हणजे वर्षाचा प्राप्तिकर १०,००० युरो झाला, तर आणखी ९०० युरो चर्चला. गोळा करतं सरकारचं कर खातं आणि त्याचा मोबदला चर्चकडून घेतं. ही तजवीज १९१९ च्या वायमार राज्यघटनेतली. १९४९ च्या घटनेनं ती जशीच्या तशी उचलली.

लहानपणी बाप्तिस्मा झाला की नाव नोंदीत. काढायचं असेल तर पाद्र्याकडे जाऊन भागत नाही; राज्यागणिक न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन, सरकारी अधिकाऱ्यासमोर, सोडतो म्हणून सांगावं लागतं. कॅथलिक बिशपांनी २०१२ मध्ये जाहीर केलं, की असं नाव काढणाऱ्याला चर्चचे संस्कार (पापकबुली, मिस्सेतला प्रसाद वगैरे) मिळणार नाहीत. तरी २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांहून जास्त कॅथलिक बाहेर पडले. लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांचा संताप त्यामागे होता, आणि दर महिन्याला दिसणारी ती वजावटही.

या पैशाच्या आणि त्याहून जास्त सरकारी अनुदान व विम्याच्या जोरावर चर्चशी जोडलेल्या कारितास आणि डियाकोनी या दोन संस्था बालवाड्या, रुग्णालयं, वृद्धाश्रम चालवतात. दोघींचे मिळून कर्मचारी १० लाखांच्या वर. इथे नोंदीला धार येते. ड्युसेलडॉर्फमधल्या एका कॅथलिक रुग्णालयातल्या प्रमुख डॉक्टरनं घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं, म्हणून त्याला २००९ मध्ये काढून टाकलं. त्याच पदावरचा सहकारी प्रोटेस्टंट असता, तर त्याला कोणी हात लावला नसता. दुसरं लग्न हा गुन्हा तेव्हा फक्त 'आर. के.' वाल्याचा होता. खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये डॉक्टर जिंकला.

म्हणजे मत मागायला न जाताही चर्च सार्वजनिक आयुष्यात पाय रोवून उभं असतं. बालवाडीचा किंवा वृद्धांच्या देखभालीचा कायदा करायचा, तर सरकारला या संस्थांशी बोलावंच लागतं.

आणि नावातच 'ख्रिस्ती' असलेला जर्मनीचा तो मोठा पक्ष? सीडीयू, म्हणजे ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन, १९४५ मध्ये जन्मला, त्याआधीची गोष्ट थोडी सांगायला हवी. १८७० च्या दशकात जर्मनीचा चॅन्सलर बिस्मार्क यानं कॅथलिक चर्चला वठणीवर आणायला कायदे केले, काही बिशपांना तुरुंगात टाकलं. परिणाम काय, तर कॅथलिकांच्या सेंट्रुम पक्षाच्या जागा तीन वर्षांत ६३ वरून ९१ झाल्या. मग पुढची कित्येक दशकं कॅथलिकांचं राजकारण वेगळं आणि प्रोटेस्टंटांचं वेगळं. नाझी काळानंतर ही फूट पुन्हा परवडणारी नाही म्हणून दोघांना एका छताखाली आणणारा पक्ष काढला. म्हणून त्या नावातला 'ख्रिस्ती' हा शब्द मला बायबलपेक्षा तहनाम्यासारखा वाटतो. कॅथलिकांचा वरचष्मा असलेल्या या पक्षाचं नेतृत्व पुढे लुथरन पाद्र्याच्या मुलीनं, अँगेला मर्केल यांनी, १८ वर्षं केलं.

## "मग पाद्री सांगेल त्यालाच मत?"

बहुतेकांची समजूत हीच असते, पण इतिहास तिला फारशी साथ देत नाही. नेदरलँड्समध्ये १९५४ साली कॅथलिक बिशपांनी फर्मान काढलं: समाजवादी कामगार संघटनेत जाऊ नका, त्यांचा रेडिओसुद्धा नियमित ऐकू नका, नाहीतर संस्कार बंद. १९५६ च्या निवडणुकीत समाजवाद्यांचा मजूर पक्षच पहिल्या क्रमांकावर आला.

पण कॅथलिक पक्षही ढासळला नाही, आणि खरी मौज इथे आहे. त्याला फर्मानानं तारलं नव्हतं, रोजच्या जगण्यानं तारलं होतं. डच कॅथलिक मूल कॅथलिक शाळेत जायचं, घरी कॅथलिक वर्तमानपत्र यायचं, बाप कॅथलिक कामगार संघटनेत, रेडिओ कॅथलिक, फुटबॉल क्लब कॅथलिक. शेळ्या पाळणाऱ्यांचा संघसुद्धा कॅथलिक. प्रोटेस्टंटांची अशीच वेगळी उतरंड, समाजवाद्यांचीही. डच लोक या रचनेला खांब म्हणतात: एकाच छताखालचे, पण एकमेकांना न टेकणारे खांब. त्यात वाढलेल्याला कोणाला मत द्यायचं हे सांगावं लागत नसे.

सहवासाचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामा राज्यातल्या माँटगोमरी शहरात रोझा पार्क्स यांना गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. ५ तारखेच्या संध्याकाळी हजारो काळे नागरिक जमले ते होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये, कारण एवढी माणसं मावतील आणि गोऱ्या मालकाची परवानगी लागणार नाही अशी जागा तीच. बसवर बहिष्कार घालायचा तर लोकांनी कामाला जायचं कसं? खासगी गाड्यांची आळीपाळीची व्यवस्था उभी राहिली. पुढे चर्चच्या नावावर मोठ्या स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या, दारांवर चर्चची नावं रंगवली. लोक त्यांना 'चाकांवरची चर्चं' म्हणायचे. स्थानिक कंपन्यांनी विमा रद्द केला, तेव्हा तो लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग पुढारी झाले, त्यात त्यांच्या वक्तृत्वाचा वाटा होताच, पण आणखी एक कोरडं कारण होतं: पाद्र्याचा पगार त्याची मंडळी देते, त्यामुळे गोरा मालक त्याला कामावरून काढू शकत नाही. बहिष्कार ३८१ दिवस चालला.

त्याच राज्यात, त्याच काळात, तेच बायबल वाचणारी गोरी बॅप्टिस्ट मंडळी बहुतांशी गप्प होती किंवा विरोधात. आजही चित्र असं आहे, की गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दर पाचांतले साधारण चार रिपब्लिकन पक्षाला मत देतात आणि काळ्या प्रोटेस्टंटांचा तेवढाच किंवा जास्त हिस्सा डेमोक्रॅटिक पक्षाला. दोघंही येशूला तारणारा मानतात, दोघंही बायबलवर हात ठेवतात. फरक बाकावर शेजारी कोण बसतं याचा आहे, आणि कुठला इतिहास अंगावर घेऊन ते तिथे येऊन बसतात याचा.

## "पण गर्भपाताचं काय? तिथे तर शिकवणच बोलते ना?"

हा आक्षेप जड आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

कॅथलिक चर्चचा गर्भपाताला विरोध जुना आणि ठाम आहे. तिथे शिकवणीचं वजन नाकारण्यात अर्थ नाही. पण आज या प्रश्नावर सर्वांत आक्रमक असलेल्या इव्हँजेलिकलांची गोष्ट निराळी. अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट. त्यांच्या १९७१ च्या अधिवेशनातला ठराव असा, की बलात्कार, रक्तसंबंधातला अत्याचार, गर्भात गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक, भावनिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला मुभा देणारे कायदे व्हावेत. त्यांच्याच १९८० च्या ठरावात आईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद ठेवून गर्भपातावर कायद्यानं किंवा घटनादुरुस्तीनं बंदी आणा, अशी मागणी होती. या नऊ वर्षांत बायबलमध्ये एक ओळही बदलली नव्हती.

बदललं होतं ते बाकी सगळं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताचा हक्क दिला. त्याच दशकात वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करसवलत सरकारनं काढायला सुरुवात केली. काही इतिहासकारांच्या मते गोऱ्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांना पहिला चटका या करसवलतीचा बसला. गर्भपात हा सगळ्यांना एकत्र आणणारा झेंडा नंतर सापडला. यावर वाद आहे आणि दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. पण १९७९ मध्ये बॅप्टिस्ट पाद्री जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' संघटना उभी राहिली, १९८० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रेगन अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि तेव्हापासून गोरे इव्हँजेलिकल आणि रिपब्लिकन पक्ष यांचं नातं घट्ट झालं, एवढं नक्की.

याच काळात आणखी एक रेघ सरकली. १९६० मध्ये जॉन केनेडी उभे राहिले तेव्हा प्रोटेस्टंट पाद्री घाबरले होते, की कॅथलिक अध्यक्ष रोमहून आज्ञा घेईल. केनेडींना ह्यूस्टनमध्ये पाद्र्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं, की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगानं कॅथलिकही आहे. पाचांपैकी जवळपास चार कॅथलिकांनी त्यांना मत दिलं. साठ वर्षांनी दुसरे कॅथलिक, दर रविवारी मिस्सेला जाणारे जो बायडन निवडून आले, तेव्हा कॅथलिक मतं जवळपास निम्मी-निम्मी विभागली. पूर्वी 'कुठल्या चर्चमध्ये जाता' यावरून मत ओळखता येई. निदान गोऱ्या मतदारांत आता 'किती वेळा जाता' हे जास्त सांगून जातं. जुने वैरी कॅथलिक आणि इव्हँजेलिकल गर्भपाताच्या प्रश्नावर एका बाजूला आले. २०२२ मध्ये रो निकाल उलटवणाऱ्या न्यायमूर्तींत बहुसंख्य कॅथलिक होते, आणि विरोधात लिहिणाऱ्या तिघांत सोनिया सोटोमायोर याही जन्मानं कॅथलिकच.

## श्रद्धा नाही, तरी शिक्का आहे

तिसरा प्रकार ओळखीचा. उत्तर आयर्लंडमध्ये एक जुना विनोद सांगतात. कोणी म्हणालं, मी नास्तिक आहे, की पुढचा प्रश्न येतो: बरं, पण प्रोटेस्टंट नास्तिक की कॅथलिक नास्तिक? गंमत म्हणजे तिथली जनगणना गंभीरपणे हेच विचारते. आज धर्म नाही म्हणालात तर पुढचा प्रश्न, लहानाचे मोठे कुठल्या धर्मात झालात? २०२१ मध्ये या हिशेबानं कॅथलिक घरातले ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट किंवा अन्य ख्रिस्ती घरातले ४३.५ टक्के निघाले. कॅथलिकांची संख्या पहिल्यांदाच पुढे गेली आणि ती मोठी राजकीय बातमी झाली, कारण तिथे कॅथलिक म्हणजे बहुधा आयर्लंडशी एकीकरण हवं असणारा आणि प्रोटेस्टंट म्हणजे बहुधा ब्रिटनबरोबर राहू पाहणारा. पोलिसांत २००१ ते २०११ भरती करताना निम्मे कॅथलिक आणि निम्मे बाकीचे असा नियम होता. पोपचं ऐकता का, हे त्यात कोणी विचारलं नाही.

लेबनॉनमध्ये हा शिक्का थेट सत्तेच्या वाटपात आहे. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट (पोपना मानणारा तिथला एक पंथ) ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया ही १९४३ पासूनची रीत. संसदेच्या १२८ जागांपैकी निम्म्या ख्रिस्ती पंथांना. वाटपाला आधार असलेली शेवटची जनगणना १९३२ ची. त्यानंतर मोजायची हिंमत कोणी केली नाही, कारण आकडे बदलले तर वाटपही बदलायला हवं. लग्नाचे मामले पंथाच्या न्यायालयात, त्यामुळे वेगवेगळ्या धर्मांतली किंवा धर्म न मानणारी जोडपी विमानानं सायप्रसला जातात आणि लग्न लावून परत येतात.

## "चर्चं रिकामी होताहेत, मग हे सगळं संपणार?"

एका अर्थानं हो. डच कॅथलिक पक्षाकडे १९६३ मध्ये १५० पैकी ५० जागा होत्या, १९७२ मध्ये २७. खांब दहा वर्षांत खचला. १९८० मध्ये तीन ख्रिस्ती पक्षांनी मिळून एक केला. अमेरिकेत २००७ मध्ये ७८ टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणत, २०२३-२४ च्या पाहणीत ६२ टक्के. सगळीकडे ओहोटीच आहे असंही नाही. ब्राझीलमध्ये २०२२ च्या जनगणनेत कॅथलिक ५६.७ टक्क्यांवर घसरले, पण इव्हँजेलिकल २६.९ टक्क्यांवर चढले, आणि संसदेत त्यांचा स्वतंत्र गट आहे.

पण मला जास्त रोचक वाटते ती उलटी गंगा. आपण समजतो धर्म आधी आणि मत नंतर. अमेरिकेत २०१६ ते २०२० या काळात त्याच-त्याच लोकांना पुन्हा विचारलं, तेव्हा ट्रम्प यांच्याबद्दल आपुलकी असलेले काही गोरे लोक नव्यानं स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवू लागलेले दिसले. दुसऱ्या टोकाला, धर्म आणि रिपब्लिकन पक्ष एक झाल्याच्या चिडीतून अनेक मध्यममार्गी आणि उदारमतवादी लोकांनी ख्रिस्ती म्हणवून घेणंच सोडलं, असं समाजशास्त्रज्ञ दोन दशकांपासून सांगत आहेत. म्हणजे पक्ष आधी ठरतो आणि धर्माचा रकाना नंतर भरला जातो. वाचनालयाचं उदाहरण पुढे नेलं तर, मोर्चात भेटलेल्या लोकांसाठी माणूस सभासद होतो, आणि मोर्चा आवडला नाही म्हणून दुसरा वर्गणी थांबवतो.

नोंद आणि सहवास आटले तरी ओळख उरते, आणि ती वापरायला चर्चची परवानगी लागत नाही. २०१८ मध्ये बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस सोडर यांनी राज्याच्या प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या प्रवेशद्वारात क्रूस लावण्याचा आदेश काढला. निवडणूक काही महिन्यांवर होती. क्रूस हा बव्हेरियाच्या इतिहासाचा आणि संस्कृतीचा ठसा आहे, असं आदेशात म्हटलं होतं. सोडर स्वतः प्रोटेस्टंट. क्रूसावरून सगळ्यात कडक टीका केली ती म्युनिकचे कॅथलिक कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी. नुसतं संस्कृतीचं चिन्ह म्हणून क्रूसाकडे पाहणाऱ्याला क्रूस कळलेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. धर्म न मानणाऱ्यांची एक संघटना न्यायालयात गेली. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला: क्रूस राहू द्या, कारण भिंतीवरचा तो क्रूस मुख्यतः निष्क्रिय चिन्ह आहे, तो कोणाला धर्माकडे ओढत नाही.